गिअर पडत नाही म्हणजे गिअरबॉक्सच गेला असं नाही! ट्रॅक डेच्या गाडीतला क्लच आणि गिअरबॉक्सचा बिघाड असा ओळखा

ट्रॅकवरची चौथी फेरी. सरळ पट्ट्यावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, इंजिनाचा आवाज चढला, आरपीएमचा काटा झपकन वर गेला, पण गाडी काही त्या मानाने पळेना. पुढच्या वळणाआधी तिसऱ्यातून दुसऱ्या गिअरमध्ये यायचं, तर लिव्हर मध्येच अडली आणि खालून 'कर्रर्र' असा आवाज आला. गाडी पिटमध्ये येते आणि बॉनेट उघडण्याआधीच आजूबाजूच्यांचा निकाल तयार असतो, "गिअरबॉक्स गेला!"

हा निकाल महागात पडू शकतो. क्लच प्लेट नुसती बघायची म्हटली, तरी बहुतेक गाड्यांत आधी गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. एवढं करून आतलं सगळं ठणठणीत निघालं आणि दोष निघाला जुन्या झालेल्या क्लच फ्लुइडचा, तर मजुरी गेली, दिवस गेला आणि मूळ बिघाड तसाच राहिला. उलटही होतं. खरोखर झिजलेल्या क्लचवर 'अजून एक सेशन काढू' म्हणत गाडी पळवली, तर प्लेटबरोबर फ्लायव्हीलही खराब होतं.

म्हणून स्पॅनर हातात घेण्याआधी लक्षणं नीट वाचायला हवीत. क्लच आणि गिअरबॉक्सचे बरेचसे बिघाड गाडी न उघडता, काही साध्या चाचण्यांनी वेगवेगळे ओळखता येतात. त्या चाचण्या कोणत्या आणि त्यांचा अर्थ काय, ते पाहू.

ट्रॅक डे म्हणजे काय आणि त्यात गाडीचं काय होतं?

ट्रॅक डे ही शर्यत नसते. ठरलेली फी भरून, हेल्मेट घालून, आपली नेहमीची गाडी बंद ट्रॅकवर मोकळेपणाने पळवायची, एवढाच त्याचा अर्थ. भारतात यासाठी ओळखीची नावं म्हणजे ग्रेटर नोएडातलं ५.१२५ किलोमीटरचं बुद्ध इंटरनॅशनल सर्किट, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई इथला ट्रॅक आणि कोइमतूरजवळचा कारी मोटर स्पीडवे.

पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींसाठी यात एक अडचण आहे. दक्षिणेतल्या या दोन्ही ट्रॅकपर्यंत पुण्याहून हजार किलोमीटरहून जास्त अंतर आहे, आणि अनेकजण ज्या गाडीतून जातात तीच ट्रॅकवर पळवतात आणि तिच्यातूनच घरी परततात. त्यामुळे दुपारी जाणवलेलं लक्षण किरकोळ आहे की गंभीर, हे संध्याकाळी निघण्याआधी कळणं गरजेचं असतं.

रस्त्यावर क्लचचा सगळ्यात जास्त छळ होतो तो ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर. ट्रॅकवर छळाचा प्रकार बदलतो. तिथे गिअर कमाल आरपीएमच्या आसपास बदलले जातात, तेही घाईत. इंजिन बराच वेळ पूर्ण ताकद देत राहतं. लांब वळणात गिअरबॉक्समधलं तेल एका बाजूला सरकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे उष्णता. साध्या मॅन्युअल गिअरबॉक्सच्या तेलाला बहुधा वेगळा कूलर नसतो. रस्त्यावर वर्षभर न दिसलेलं दुखणं ट्रॅकवर वीस मिनिटांत बाहेर येतं ते यामुळेच.

क्लच काय करतो, गिअरबॉक्स काय करतो?

इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड चकती असते. तिच्यावर क्लच प्लेट टेकते आणि प्रेशर प्लेट तिला मागून घट्ट दाबून धरते. या दाबामुळेच इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे जाते. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, प्रेशर प्लेटची पकड सुटते आणि इंजिन व गिअरबॉक्स एकमेकांपासून मोकळे होतात. जुन्या साध्या गाड्यांत पेडलपासून तिथपर्यंत केबल असते. बऱ्याच नव्या गाड्यांत हायड्रॉलिक व्यवस्था असते, म्हणजे वर मास्टर सिलिंडर, खाली स्लेव्ह सिलिंडर आणि मधल्या नळीत फ्लुइड.

म्हणजे क्लचची कामं दोनच. पेडल सोडलेलं असताना घट्ट धरणं आणि दाबल्यावर पूर्ण सोडणं. धरण्यात कसूर झाली तर त्याला 'स्लिप' म्हणतात. सोडण्यात कसूर झाली तर क्लच 'ड्रॅग' होतो असं म्हणतात. घोटाळा या दुसऱ्या प्रकारात होतो. ड्रॅग होणाऱ्या क्लचमुळे गिअर नीट पडत नाहीत आणि दोष गिअरबॉक्सवर येतो.

सुरुवात चार प्रश्नांनी

गाडी मेकॅनिककडे नेताना 'गिअरला प्रॉब्लेम आहे' एवढंच सांगितलं तर त्याचाही नाइलाज होतो. त्याऐवजी या चार प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवावीत.

१. त्रास गाडी थंड असताना होतो, की काही फेऱ्या झाल्यावर?
२. सगळ्याच गिअरमध्ये होतो, की एखाद्याच?
३. क्लच पेडल दाबलेलं असताना होतो, की सोडलेलं असताना?
४. ॲक्सिलरेटर दाबल्यावर होतो, सोडल्यावर होतो, की वळणात होतो?

सगळ्या गिअरमध्ये सारखाच त्रास असेल तर संशय आधी क्लच, फ्लुइड आणि लिंकेजवर घ्यावा. एकाच गिअरमध्ये असेल तर गिअरबॉक्सच्या आत काहीतरी असण्याची शक्यता वाढते. तापल्यावरच त्रास होत असेल तर फ्लुइड, तेल आणि क्लचचं लायनिंग हे तिघे रांगेत पुढे येतात.

इंजिन ओरडतं, गाडी पळत नाही: क्लच स्लिप

स्लिपची खूण म्हणजे आरपीएम वाढतो, पण त्या प्रमाणात वेग वाढत नाही. ती आधी वरच्या गिअरमध्ये दिसते, कारण तिथे गाडी सावकाश वेग घेते आणि क्लचवरचा ताण जास्त वेळ टिकतो.

चाचणी अशी. मोकळ्या सरळ पट्ट्यावर, शक्यतो ट्रॅकवरच, चौथ्या गिअरमध्ये २००० आरपीएमच्या आसपास गाडी चालवायची आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा. क्लच चांगला असेल तर आरपीएम आणि वेग हातात हात घालून चढतात. स्लिप असेल तर काटा एकदम उसळी घेतो आणि गाडी मागून सावकाश येते.

ज्यांच्याकडे डेटा लॉगर किंवा गाडीतलं ऑनबोर्ड रेकॉर्डिंग आहे, त्यांना हे आकड्यांतही तपासता येतं. एका गिअरमध्ये आरपीएम आणि वेगाचं गुणोत्तर ठरलेलं असतं. समजा तिसऱ्या गिअरमध्ये ३००० आरपीएमला गाडी ताशी ६० किलोमीटरने जाते. मग ६००० ला ती १२० ने जायलाच हवी. रेकॉर्डिंगमध्ये ६००० ला वेग ११२ दिसला, तर त्या वेगाला खरं तर ५६०० आरपीएम पुरेसे होते. उरलेले ४०० आरपीएम क्लचमध्ये घासून उष्णता झाले.

इथे एक सावधगिरी हवी. वळणातून बाहेर पडताना आतल्या बाजूचं चाक हवेत फिरल्यासारखं फिरतं, तेव्हाही आरपीएम उगाच वाढतो. विशेषतः जीपीएसवरून वेग मोजत असाल तर चाक फिरणं आणि क्लच स्लिप होणं सारखंच दिसतं. म्हणून ही तुलना नेहमी सरळ पट्ट्यावरच्या, कोरड्या रस्त्यावरच्या आकड्यांची करावी.

स्लिप आहे हे कळलं, पण का? कारणं साधारण अशी असतात.

• प्लेट झिजलेली आहे. केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजत जाते तसा पेडलचा मोकळा खेळ कमी होतो. खेळ उरलाच नसेल तर रिलीज बेअरिंग सतत थोडं दाबलेलं राहतं आणि चांगली प्लेटही स्लिप होते. अशा वेळी आधी केबल ॲडजस्ट करून पाहावी. हायड्रॉलिक क्लच ही झीज स्वतःच भरून काढतो, त्यामुळे तिथे पेडलवरून अंदाज बांधता येत नाही.

• लायनिंग जळून गुळगुळीत झालं आहे. करपल्यासारखा उग्र वास ही याची ओळख. एखाद्या वेळी तापून स्लिप झालेला क्लच थंड झाल्यावर पुन्हा पकड घेऊ शकतो. पण थंड गाडीतही स्लिप होत असेल, तर प्लेट बदलण्याला पर्याय नाही.

• प्लेटवर तेल आलं आहे. इंजिनाच्या मागच्या बाजूचं ऑइल सील किंवा गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील गळत असेल तर असं होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथे खालून ओल दिसते. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास येतो, त्यावरून कुठलं सील गेलं याचा अंदाज येतो. सील न बदलता नुसती प्लेट बदलली तर पैसे पाण्यात.

• इंजिनाची ताकद वाढवली आहे. टर्बो गाडीचा ईसीयू रीमॅप केला की टॉर्क वाढतो, पण क्लच कंपनीचाच राहतो. अशा गाडीत स्लिप जिथे टॉर्क सर्वांत जास्त असतो नेमक्या त्या आरपीएमला दिसते. इथे काहीही बिघडलेलं नसतं, फक्त क्लच त्या कामासाठी बनवलेला नसतो.

गिअर पडत नाही, रिव्हर्सला किरकिर: क्लच ड्रॅग

आता ज्या लक्षणावरून गिअरबॉक्सला नाहक दोष मिळतो ते पाहू. इथली पहिली चाचणी सगळ्यात सोपी आणि सगळ्यात उपयोगी आहे.

गाडी उभी करा, इंजिन बंद करा, क्लच दाबा आणि सगळे गिअर एकेक करून टाकून पाहा. मग इंजिन सुरू करून पुन्हा तेच करा.

इंजिन बंद असताना गिअर लोण्यासारखे पडत असतील आणि सुरू केल्यावर अडत असतील, तर दोष बहुधा क्लच पूर्ण न सुटण्याचा आहे. दोन्ही वेळा सारखेच अडत असतील, तर गिअर लिव्हरची केबल, लिंकेज, बुश किंवा गिअरबॉक्सचा आतला भाग पाहावा लागेल.

दुसरी चाचणी रिव्हर्सची. इंजिन आयडलवर, गाडी सपाट जागी, पुढे-मागे कोणी नाही याची खात्री. क्लच पूर्ण दाबून पाच ते दहा सेकंद थांबायचं आणि मग रिव्हर्स टाकायचा. एवढा वेळ दिल्यावर गिअरबॉक्सच्या आतले भाग फिरायचे थांबलेले असतात. तरीही किरकिर झाली, तर याचा अर्थ क्लच अजून त्यांना फिरवतो आहे. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकल्यावर गाडी पुढे सरकू पाहत असेल, तर मग शंकाच नको.

तिसरी चाचणी पंपिंगची. पेडल दोन-तीनदा झपाझप दाबल्यावर गिअर सहज पडला, तर दोष हायड्रॉलिकमध्ये आहे. लाइनमध्ये हवा आहे, कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं सील आतून गेलं आहे.

ट्रॅकवर नेहमी दिसणारा प्रकार म्हणजे फ्लुइड उकळणं. क्लचमध्ये ब्रेक फ्लुइडच वापरतात आणि ते हवेतलं पाणी शोषून घेतं. ताज्या 'डॉट ४' फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या फ्लुइडसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. क्लचची नळी एक्झॉस्ट किंवा टर्बोजवळून जात असेल, तर त्या उष्णतेने जुन्या फ्लुइडमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला जातो, फ्लुइड दाबलं जात नाही. त्यामुळे पेडल मऊ पडतं, कधी थेट तळाला जातं. तासाभराने गाडी थंड झाली की सगळं आपोआप ठीक होतं आणि मालकाला वाटतं, भासच झाला असेल. तो भास नसतो. फ्लुइड बदलून हवा काढणं, ज्याला गॅरेजमध्ये ब्लीडिंग म्हणतात, एवढाच त्यावर उपाय असतो.

पुष्कळ गाड्यांत क्लच आणि ब्रेकची फ्लुइडची टाकी एकच असते. त्यामुळे पातळी उतरलेली दिसली तर नुसता क्लच तपासून थांबू नये. ब्रेक पॅड झिजल्यानेही पातळी थोडी उतरते, पण गळती ब्रेकची असेल तर पुढच्या वळणाला जिवाशी गाठ आहे.

पंपिंगने फरक पडत नसेल तर कारण यांत्रिक असू शकतं. तापून वाकडी झालेली प्लेट, शाफ्टवर अडकून बसणारी प्लेट, वाकलेला किंवा तडा गेलेला फोर्क, ताणलेली केबल. पण गिअरबॉक्स उतरवण्याआधी एकदा पायाखाली बघावं. जाड मॅट पेडलखाली सरकली असेल किंवा नव्या रेसिंग सीटमुळे पाय पूर्ण पोचत नसेल, तरी क्लच पूर्ण सुटत नाही. याला खर्च शून्य.

एकाच गिअरला खरखर: सिंक्रो

धावत्या लोकलमध्ये चढणारा माणूस आधी तिच्या वेगाने दोन पावलं पळतो आणि मग दांडा पकडतो. गिअरबॉक्समध्ये ही दोन पावलं पळण्याचं काम सिंक्रोनायझर करतो. ज्या गिअरमध्ये जायचं त्याचा वेग आणि शाफ्टचा वेग तो घर्षणाने जुळवून घेतो, मगच दात एकमेकांत बसतात. सिंक्रो झिजला की वेग जुळण्याआधीच दात भिडतात आणि खरखर होते.

सिंक्रोचा दोष ओळखण्याच्या खुणा अशा. त्रास एखाद्या-दुसऱ्या गिअरलाच होतो, आणि ट्रॅकवर तो दुसरा किंवा तिसरा असण्याची शक्यता जास्त. झटकन गिअर बदलला तर खरखर होते, सावकाश बदलला तर होत नाही. उभ्या गाडीत तो गिअर व्यवस्थित पडतो.

खात्री करायची असेल तर डबल क्लच करून पाहावं. खालच्या गिअरमध्ये येताना क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून ॲक्सिलरेटरला हलकी रेस, पुन्हा क्लच दाबून गिअर. असं केल्यावर आवाज नाहीसा झाला, तर वेग जुळवण्याचं काम चालकाने केलं आणि सिंक्रोची कमतरता भरून निघाली. म्हणजे दोष सिंक्रोचा. सगळ्याच गिअरला खरखर असेल तर मात्र पुन्हा मागे जाऊन क्लच ड्रॅगची चाचणी करावी, कारण अर्धवट सुटणारा क्लच चांगल्या सिंक्रोंनाही झिजवतो. असा क्लच तसाच ठेवून सिंक्रो बदलले, तर नवेही त्याच वाटेने जातात.

चुकीचं तेल हेही एक कारण असतं. 'ट्रॅकसाठी भारी तेल' म्हणून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या जीएल-४ ऐवजी जीएल-५ दर्जाचं तेल भरलं जातं. काही जीएल-५ तेलांतली रसायनं पितळी सिंक्रोला मानवत नाहीत, आणि तेल फार निसरडं असेल तर सिंक्रोला हवं ते घर्षणच मिळत नाही. म्हणून दर्जा आणि दाटपणा हे दोन्ही गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच असावं.

गिअर सटकतो किंवा भलताच पडतो

ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर गिअर आपोआप न्यूट्रलला येत असेल, तर आत झिजलेले दात, वाकलेला फोर्क किंवा सैल बेअरिंग असू शकतं. पण इथेही बाहेरून सुरुवात करावी. इंजिन आणि गिअरबॉक्सचे रबरी माउंटिंग फाटले असतील, तर ताकद लागताच पूर्ण इंजिन डोलतं आणि त्याबरोबर लिंकेज ओढलं जातं. ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना गिअर लिव्हर स्वतःहून पुढे-मागे जोरात हलत असेल, तर आधी माउंटिंग पाहावेत. फक्त वेगवान वळणातच गिअर सापडत नसेल, तरी हाच संशय.

याकडे दुर्लक्ष करण्याची किंमत मोठी असते. चौथ्या गिअरमध्ये ५५०० आरपीएमवर असताना पाचवा टाकायला जावं आणि तिसरा पडावा, किंवा तिसऱ्यातून चौथ्यात जाताना दुसरा पडावा, अशी चूक ट्रॅकवर होते. समजा एका गिअरचा रेशो दुसऱ्याच्या दीडपट आहे. मग ५५०० आरपीएमवर चुकून तो खालचा गिअर पडला आणि क्लच सोडला, तर इंजिन ८२५० वर ओढलं जातं. रेव्ह लिमिटर इथे वाचवू शकत नाही. तो इंधन तोडू शकतो, पण इथे इंजिनाला चाकं फिरवत असतात. व्हॉल्व्ह वाकणं, पिस्टनला मार बसणं असे प्रकार यातूनच होतात. शे-दोनशे रुपयांचा झिजलेला बुश पुढे इंजिनाच्या कामापर्यंत नेतो तो असा.

आवाज काय सांगतो?

आवाज कुठल्या स्थितीत येतो आणि कुठल्या स्थितीत थांबतो, हे ऐकणं महत्त्वाचं.

• क्लच दाबल्यावर घरघर सुरू होते, सोडल्यावर थांबते: संशय रिलीज बेअरिंगवर.

• न्यूट्रलमध्ये क्लच सोडलेला असताना घरघर येते, दाबल्यावर थांबते: संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर, कारण क्लच दाबला की तो शाफ्ट थांबतो.

• एकाच गिअरमध्ये सूं सूं आवाज येतो: त्या गिअरचे दात झिजलेले असू शकतात.

• सगळ्या गिअरमध्ये गुणगुण येते आणि ती फक्त वेगाप्रमाणे बदलते: व्हील बेअरिंग किंवा डिफरन्शियल तपासावं. एका बाजूला वळल्यावर आवाज वाढत असेल तर व्हील बेअरिंगचा संशय बळावतो.

• स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना टकटक येते: ड्राइव्ह शाफ्टचा सीव्ही जॉइंट.

• इंजिन सुरू-बंद करताना खडखड येते: ड्युअल मास फ्लायव्हील असलेल्या गाडीत ते झिजलेलं असू शकतं.

हलकं फ्लायव्हील बसवलेल्या गाडीत न्यूट्रलला थोडी खडखड होणं स्वाभाविक आहे. आवाज नवा आहे का आणि वाढतो आहे का, हे पाहावं.

तेल खोटं बोलत नाही

गिअरबॉक्स न उघडता आत काय चाललं आहे ते सांगणारा सर्वोत्तम साक्षीदार म्हणजे त्यातून काढलेलं तेल. अनेक गाड्यांत ड्रेन बोल्टला चुंबक असतं. त्यावर राखाडी, मऊ लेप दिसला तर घाबरण्याचं कारण नाही, ती नेहमीची झीज आहे. तेलात सोनेरी चमचम दिसली तर पितळी सिंक्रो झिजत आहेत. लोखंडाच्या कपच्या, टोकदार तुकडे किंवा दाताचा भाग सापडला तर मात्र गाडी चालवणं तिथेच थांबवावं. अशा वेळी गिअरबॉक्स उघडणंच शहाणपणाचं.

तेलाची पातळीही पाहावी. कमी तेल वळणात एका बाजूला गेलं की उरलेले भाग कोरडे पडतात. म्हणून कुणी जास्त भरून ठेवतात, पण मर्यादेपलीकडे भरलेलं तेल घुसळून फेसाळतं आणि सीलमधून बाहेर येऊ शकतं. ट्रॅकवर नियमित जाणाऱ्या गाडीचं गिअर ऑइल रस्त्यावरच्या मुदतीच्या बरंच आधी बदलावं आणि दर वेळी चुंबकाचा फोटो काढून ठेवावा. मागच्या फोटोशी तुलना केली की झीज वाढते आहे का ते लगेच कळतं.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर?

ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये क्लच पेडल नसलं तरी क्लच असतातच. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयमधल्या सात गिअरच्या डीएसजीमध्ये कोरडे क्लच आहेत. असे क्लच वारंवार जोरात गाडी काढल्याने आणि पिट लेनमध्ये इंच-इंच सरकत राहिल्याने तापतात. डॅशबोर्डवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना आली, गाडी धक्के देऊ लागली किंवा एकाच गिअरमध्ये अडकून राहिली, तर सेशन सोडून गाडी थंड होऊ द्यावी. नंतर स्कॅनर लावून फॉल्ट कोड वाचावेत. हे कोड पुसण्याआधी लिहून घ्यावेत, कारण तेच निदानाचा धागा असतात.

ट्रॅकवरून कधी परतायचं?

करपल्याचा वास, वाढत जाणारी स्लिप, तळाला गेलेलं पेडल, वारंवार सटकणारा गिअर किंवा धातूचा आवाज, यांपैकी काहीही जाणवलं तर फेरी पूर्ण करण्याचा मोह टाळून सावकाश पिटमध्ये यावं.

तेल गळत असल्याची शंका असेल तर नियम आणखी कडक. रेसिंग लाइन सोडून गाडी बाजूला, मार्शलच्या जवळ सुरक्षित जागी थांबवावी. पिटपर्यंत रेटत नेली तर तेलाची रेघ पूर्ण ट्रॅकभर पसरते आणि मागून येणारा त्यावर घसरतो. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा झेंडा निसरड्या ट्रॅकचा इशारा देतो, पण तो दिसेपर्यंत एखादी गाडी त्या रेघेवर पोचलेली असू शकते. शिवाय तापलेल्या एक्झॉस्टवर पडलेलं तेल पेट घेऊ शकतं.

पिटमध्ये तपासताना गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नये, मजबूत स्टँड लावावेत. उतरवलेल्या क्लचची धूळ हवेच्या प्रेशरने उडवू नये, ती श्वासात जाते.

थोडक्यात, क्रम असा

आधी मॅट, पेडल आणि सीट. मग फ्लुइडची पातळी आणि रंग. मग इंजिन बंद आणि सुरू ठेवून गिअरची चाचणी, रिव्हर्स आणि पंपिंग. त्यानंतर लिंकेज, बुश आणि माउंटिंग. मग सरळ पट्ट्यावर स्लिपची चाचणी. मग गिअर ऑइल काढून चुंबक पाहणं. एवढं सगळं झाल्यावरही उत्तर मिळालं नाही, किंवा मिळालेलं उत्तरच आतल्या भागाकडे बोट दाखवत असेल, तरच गिअरबॉक्स खाली उतरवावा. उतरवलाच आहे तर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि सील एकदमच तपासून घ्यावेत, म्हणजे तीच मजुरी दुसऱ्यांदा द्यावी लागत नाही.

हा क्रम स्वस्ताकडून महागाकडे जातो. पहिल्या तीन पायऱ्या तर पिटमध्येच, दहा-पंधरा मिनिटांत होतात. फ्लुइडची एक बाटली, ब्लीडिंगचा स्पॅनर आणि केबलची गाडी असेल तर एक जादा केबल डिकीत असली, तर त्यातला साधा बिघाड तिथेच दुरुस्तही होतो, आणि हजार किलोमीटरचा परतीचा प्रवास टोइंगच्या गाडीवर नव्हे, तर आपल्याच चाकांवर होतो.